हमीपत्रावरची सही

आमच्या घरी राज्यघटनेचा मसुदा आला तो अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात. माझ्या नवऱ्याने तो पुण्याहून आणला. नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाही; बोलताना ‘हे’ म्हणायची, इथंही तसंच लिहिते. हे लोणावळ्याच्या लोको शेडच्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. रेल्वेच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. मूलबाळ नव्हतं.

लोणावळ्याच्या पावसात कागद टिकवणं सोपं नाही. शेगडीवर टोपली उलटी घालून आम्ही ओले कपडे वाळवायचो, तशीच त्या पुस्तकाची पानं मी वाळवत असे. पुस्तक इंग्रजीत होतं. यांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पुढं वर्तमानपत्रं वाचून कमावलेलं. हे अर्थ सांगायचे आणि मी मराठी करून वहीत उतरवायची.

हा उद्योग सुरू झाला एका म्हाताऱ्यामुळे. नवलाख उंबऱ्याच्या महारवाड्यातले एक आबा रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाले, पण नोकरीच्या कागदांवर त्यांचं वय चुकीचं पडलं होतं, म्हणून ते टाइम ऑफिसात खेपा घालत. यांनी त्यांचं काम करून दिलं. एकदा टेबलावर हे पुस्तक दिसलं तेव्हा आबांनी विचारलं, “भाऊसायेब, ह्यात आमच्यासाटी काय लिवलंय का?”

यांनी सांगायला सुरुवात केली तर आबा म्हणाले, “मला एकट्याला सांगून काय व्हनार? लिवून द्या. वस्तीवर येऊन वाचा.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. कायदे कोण करणार, ते राबवणार कोण, आणि दोघांपैकी कुणी मर्यादा सोडली तर न्यायालयात दाद कशी मागायची, हा भाग आम्ही थोडक्यात घेतला. हक्कांचं प्रकरण मात्र अक्षरन्‌अक्षर. एकेका शब्दावर वाद व्हायचे. सक्तीने काम करून घ्यायला बंदी, असं एक कलम होतं. यांनी ‘बेगार’ म्हटलं. मी म्हटलं, मावळात बेगार कुणी म्हणत नाही, ‘वेठ’ लिहा. हे हसले, म्हणाले, “तुझंच बरोबर.” दुसरं एक कलम होतं, कायद्याने घालून दिलेल्या रीतीशिवाय कुणाही माणसाचा जीव किंवा त्याची मोकळीक काढून घेता येणार नाही. मी विचारलं, “आणि कायद्यानेच वाईट रीत घालून दिली तर?”

“आपले लोक कायदे करणार आहेत आता. ते कशाला वाईट रीत घालतील?”

मला ते पटलं. खरंच पटलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण इतक्या सुखाचे दिवस आमच्या घरात आधी आले नव्हते.

भात झोडून झाल्यावर, मार्गशीर्षात, एका रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने तळेगावला उतरलो आणि चालत नवलाख उंबऱ्याला गेलो. वस्तीच्या बसायच्या जागेला तिथं तक्क्या म्हणत. चाळीसएक माणसं जमली होती. बाया कडेला उभ्या होत्या. आबांच्या सुनेने मला पितळेच्या पेल्यात पाणी आणून दिलं. तो पेला मी हातात धरला आणि थांबले. घशाला कोरड पडलेली, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं की अस्पृश्यता नष्ट झाली आहे, आणि मी पेला धरून उभी. सून बघत होती. मग मी प्यायले. तिने पेला परत घेतला.

यांनी वाचलं. आवाज चांगला होता यांचा. वेठीचं कलम आलं तेव्हा माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अस्पृश्यतेचं कलम यांनी दोनदा वाचलं. सुनेने कडेनेच विचारलं, “म्हंजी पाटलाच्या हिरीवर आमी गेलो तर चालंल?”

“बाई, हा मसुदा आहे,” हे म्हणाले. “सगळी घटना मंजूर व्हायला अजून वर्ष जाईल. पण हे कलम दिल्लीत गेल्याच महिन्यात मंजूर झालं.”

ते खोटं नव्हतं. पण समोरच्यांनी ‘वर्ष जाईल’ सोडून दिलं आणि ‘मंजूर झालं’ तेवढं धरलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेवढंच धरलं असतं. ती वही आम्ही आबांकडे ठेवायला दिली आणि घरी दुसरी एक नक्कल ठेवली.

पौषात एका अंमलदाराचा मुक्काम नवलाख उंबऱ्यात पडला. पुढचा मुक्काम सुदुंबऱ्याला. अशा वेळी सामान वाहून न्यायला महारवाड्यातली माणसं हक्काने बोलावत. देणंघेणं काही नसे. त्या सकाळी कुणी गेलं नाही. पाटील स्वतः वस्तीवर आले. आबा म्हणाले, “पाटील, वेठ बंद झालीय. कागदावर हाय.” पाटलांनी विचारलं, कोणत्या कागदावर, आणि आबांनी सरळपणाने वही दाखवली.

साहेबाला बैलगाडी जुळेपर्यंत उन्हात ताटकळावं लागलं. वस्तीला त्याची शिक्षा लगेच झाली. पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाटावरून बाया पाणी भरत, ते बंद झालं. कुणाच्या शेतावर त्यांना काम मिळेना. कळल्यावर हे दोनदा तिथं जाऊन आले. तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. वस्तीला सांगितलं, “मी तुमच्याबरोबर आहे. मागं हटू नका.”

माझ्या डोळ्यांसमोर ते वाक्य पुढं किती वेळा आलं, सांगता येत नाही.

फाल्गुनात रेल्वेत संपाची बोलणी चालली होती. सरकार घाबरलं होतं आणि यादी घेऊन माणसं उचलत होतं. हे सभांना जात, पण पुढाऱ्यांतले नव्हते. तरी एका दुपारी, मी पाचवीच्या मुलींचा शिवणाचा तास घेत असताना, आमच्या मुख्याध्यापिका दारात आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही घरी जा. पोलीस आलेत.” घरी पोचले तर पोलीस निघून गेले होते. ट्रंक उघडी होती. घरातली वही नव्हती. मी तशीच स्टेशनवर पळाले. पुण्याच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते, दोन बाजूंना दोन शिपाई. मला बघून म्हणाले, “डबा शेडमध्ये राहिलाय, तेवढा आणून घे.” गाडी सुटली.

सरकार कसं बांधलेलं असतं हे मी वर्षानुवर्षं सातवीच्या मुलींना फळ्यावर चौकोन काढून शिकवत आले होते. आता ते चौकोन पायाने फिरून बघायची वेळ आली.

लोणावळ्याच्या फौजदारांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, “बाई, माझ्या हातात काही नाही. वरून हुकूम आला, मी बजावला.” वडगावला मामलेदार कचेरीत गेले. तिथं म्हणाले, हुकूम जिल्ह्याचा आहे, तालुक्याचा नाही. जिल्ह्याच्या कचेरीत तीन दिवस बाकावर बसले. चौथ्या दिवशी एका शिरस्तेदाराने सांगितलं, “हा प्रांताच्या सुरक्षिततेच्या कायद्याखालचा हुकूम आहे. तुम्ही वकील गाठा.”

वकील सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, “खटला कधी उभा राहील?”

“खटला नाही.”

“मग गुन्हा कोणता?”

“गुन्हाही नाही. हा माणूस पुढं काहीतरी करील, असं सरकारला वाटतं. वाटलं की पुरे.”

“कोर्ट नाही का विचारणार, का वाटलं म्हणून?”

“कोर्ट एवढंच बघेल की हुकूम नीट निघालाय का, त्यावर सही आहे का. सरकारला जे वाटलं ते खरं की खोटं, हे बघायचं काम त्या कायद्याने कोर्टाकडे ठेवलेलं नाही.” मग म्हणाले, “बाई, हा कायदा आपल्याच लोकांनी केलाय. सत्तेचाळीस साली.”

काही आठवड्यांनी यांना तुरुंगात कारणांचा कागद मिळाला. त्याची नक्कल वकिलांनी मला दाखवली. एक कारण संपाचं होतं. दुसरं असं होतं की नवलाख उंबरे मुक्कामी अडाणी लोकांपुढे चिथावणीचा हस्तलिखित मजकूर वाचून त्यांना सरकारी कामात अडथळा आणायला लावलं. मजकुराची वही जप्त.

मी वकिलांना म्हटलं, “तो मजकूर घटनेचाच आहे. भाषांतर माझं आहे. मला पकडा.”

“असं कुठं बोलू नका,” ते म्हणाले, आणि उठून दार लोटून आले.

मग मी आमदारांकडे गेले. ते गृहस्थ बेचाळीस साली आमच्या चाळीत अकरा दिवस लपून होते. यांनी नोकरी धोक्यात घालून त्यांना ठेवून घेतलं होतं. मी त्यांचं धोतर धुतलं होतं, त्यांना पथ्याची पेज करून वाढली होती. आता त्यांच्या पुण्याच्या घरी बाहेर बसायला बाकं होती आणि चिठ्ठी आत पाठवावी लागत होती. मला मात्र लगेच बोलावलं. चहा दिला. माझं ऐकताना डोळे मिटून घेतले.

“त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण काळ वाईट आहे. नुकतं कुठं राज्य हातात आलंय.”

“तुम्हालाही असंच बिनचौकशीचं पकडायला आले होते, तेव्हा तुम्ही माझ्या आतल्या खोलीत बसून त्या कायद्याला काय म्हणत होता, आठवतं का?”

“तेव्हाचं सरकार परकं होतं, बाई.”

“तुरुंगाची भिंत तीच आहे.”

त्यांना राग आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि सांगितलं, “हमीपत्र लिहून द्यायला सांगा. सभांना जाणार नाही, सार्वजनिक ठिकाणी बोलणार नाही, नवलाख उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. एवढं दिलं की मी शब्द टाकतो.” मजकूर त्यांनीच सांगितला. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहून घेतला.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत यांनी तो कागद वाचला आणि जाळीखालून परत सरकवला. “ती माणसं माझ्या भरवशावर उभी आहेत,” म्हणाले. “मी इथं सही केली तर त्यांनी तिथं काय करायचं?”

मी परत आले. वैशाख गेला, जेठ गेला. रेल्वेने यांना कामावरून काढलं आणि चाळीतल्या खोल्या रिकाम्या करा म्हणून कळवलं. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण एक दिवस त्यांनीही मला बसवून विचारलं, “शाळेच्या मंडळावर विचारणा होतेय. तुम्ही काही वाचनाबिचनाला जात नाही ना आता?” शेजारच्या बायका नळावर मी आले की बोलणं बदलायच्या. आषाढातल्या भेटीला गेले तर हे खोकत होते. गालफडं बसली होती. जाळीतून पुढं आलेली बोटं मी ओळखली नाहीत.

मी जे केलं ते मी ठरवून केलं. वाटेत, गाडीत, ठरवून गेले होते.

यांनी पहिला प्रश्न नेहमीसारखा विचारला. “वस्तीवर काय चाललंय?”

मी म्हटलं, “त्यांनी जबानी दिली.”

“कुणी?”

“सगळ्यांनी. आबांनीसुद्धा. तुम्ही आम्हाला भरीस घातलंत, आम्हाला काही कळत नव्हतं, असं लिहून अंगठे दिले. पाटलांनी पाणी सुरू केलंय.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे खाली केले नाहीत. शाळेत मुली खोटं बोलल्या की डोळे खाली करतात, हे मला ठाऊक होतं.

हे म्हणाले, “आबांनी?”

“हो.”

“आण कागद.”

जाळीपलीकडून शिपायाने दौत आणून दिली. यांनी मजकूर वाचलासुद्धा नाही.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. खरं असं होतं की पाटलांनी आणि फौजदारांच्या माणसांनी मिळून तसा कागद तयार केला होता आणि तो घेऊन ते वस्तीवर दोनदा गेले होते. आबांनी अंगठा द्यायचं नाकारलं. त्यांच्या मागून सगळ्यांनी नाकारलं. उन्हाळाभर बायांनी दूरच्या ओढ्यात झिरे खणून, वाटीवाटीने पाणी भरलं. हे मला आबांनी स्वतः तळेगाव स्टेशनवर गाठून सांगितलं होतं, वर म्हणाले होते, “भाऊसायबास्नी सांगा, आमी हाये तितंच हाय.” तो निरोप माझ्याजवळ होता. मी पोचवला तो उलटा करून.

श्रावणात हे सुटले. आम्ही बाजारामागे एका खोलीत राहायला गेलो. यांना एका बंगल्याच्या देखरेखीचं काम मिळालं; मुंबईचे मालक यायचे तेव्हा दारं उघडायची, गेले की लावायची. पूर्वी हे जेवताना बोलत. आता पेपर वाचत जेवत. भाद्रपदात एके दिवशी पेपर वाचता वाचता थांबले. दिल्लीत घटनेत नवीन कलम घातलं होतं, माणसाला खटल्याशिवाय अटकेत ठेवायची सोय घटनेतच करणारं. किती दिवस ठेवायचं, कोणत्या मंडळाने बघायचं, हे सगळं नीट मांडून. हक्कांच्याच प्रकरणात.

“वाचलंत?” मी विचारलं.

“हं,” म्हणाले. “रीत घालून दिली.” आणि आमटी मागितली.

मला वाटलं होतं, मनातलं दुःख हळूहळू ओसरेल. माणसांनी दगा दिला असं समजून जगणारे पुष्कळ असतात, तेही जगतात. पण यांचा स्वभाव तसा नव्हता. स्टेशनवर कुणी गँगमन दिसला तरी रस्ता बदलायचे.

दिवाळीच्या आधी एक दिवस आबा दारात उभे राहिले. एकटेच. काठी टेकत आले होते. हे खाटेवर बसले होते. आबांनी रामराम केला. यांनी घेतला नाही.

“भाऊसायेब, सुटून लय दीस झालं म्हनं. आमी रोज वाट बगतोय. बंदी हाय तर तुमी नका येऊ, पन निरोप तरी धाडायचा.”

हे म्हणाले, “अंगठे दिल्यावर निरोप कसला आबा?”

“कसलं अंगठं?”

मी चुलीपाशी होते. उठून बाहेर जावं असं वाटलं; मी चुलीतलं लाकूड आत सारत राहिले.

“जबानीवर. मी भरीस घातलं म्हणून.”

आबांनी उजव्या हाताचा अंगठा पुढं केला, जणू त्यावर शाई दिसायला हवी होती. “ह्यो बगा. नोकरीच्या कागदावर दिला, पिन्शनीला दिला. तुमच्याइरुद्ध कुनी मागितला तर, भाऊसायेब, तोडून दिला असता. कुनी सांगितलं तुमास्नी?”

यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही.

आबा उंबऱ्यावरच बसले. पाणी मागितलं. मी आणून दिलं. ते पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि उठताना म्हणाले, “बाई, तुमचा जीव जळत आसंल. पन आमी काय केलं व्हतं?”

ते गेल्यावर मला वाटलं, हे ओरडतील, हात उचलतील. कधी उचलला नव्हता, त्या दिवशी उचलला असता तरी मी काही म्हटलं नसतं. हे फक्त म्हणाले, “सरकारने मला पाच महिने ठेवलं, पण माझा भरवसा नाही काढून घेता आला त्यांना. तो तू काढून घेतलास.”

मी म्हटलं, “तुम्ही मेला असता तिथं.”

“असतो,” म्हणाले. 

नोव्हेंबर संपता संपता घटना मंजूर झाली. शाळेत समारंभ झाला. पताका लावल्या, मुलींना पेढे वाटले. घटनेवर बोलायला माझ्यासारखं दुसरं कोण, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला उभं केलं. प्रमुख पाहुणे आमदारच होते. मी बोलले. कायदे करणारे कोण, राबवणारे कोण, न्याय देणारे कोण, आणि नागरिकाचे हक्क कोणते, हे मला पाठ होतं. हक्कांची कलमं मी आमच्या त्या भाषांतरातल्या शब्दांतच सांगितली, वेठ म्हटलं, बेगार म्हटलं नाही. टाळ्या पडल्या. आमदार म्हणाले, किती सोप्या मराठीत सांगितलंत, याचं पुस्तक काढायला हवं. त्यांना ठाऊक नव्हतं की याच मजकुराची वही पोलिसांच्या दप्तरात पडून आहे. किंवा ठाऊक असेलही. मी नमस्कार करून खाली बसले.

पुढच्या रविवारी मी एकटीच नवलाख उंबऱ्याला गेले. यांना जायला बंदी होती, माझ्यावर नव्हती. आबा आजारी होते, आत निजलेले. त्यांची सून बाहेर आली. तिने मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खोटं कसं बोलले, का बोलले, आणि यांचा त्यात काही दोष नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी तुमचा मानूस सोडवला. माझा धनी आत आसता तर म्या बी काय बी बोलले आसते.”

मला रडू येणार असं वाटलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, “पन म्या पाटलाचं नाव घेतलं आसतं. फौजदाराचं घेतलं आसतं. तुमास्नी खोटं घालायला आमीच सापडलो.”

  खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा गाडीत मी किती नावांचा विचार केला होता? एकाच नावाचा. वस्तीवर काहीही ढकललं तरी चालतं, हे मला कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

“पाणी सुरू झालं का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“आता घटना मंजूर झालीय. अर्ज करता येईल. मी लिहून देते.”

“तुमचं अक्षर चांगलं हाय,” ती म्हणाली. “पर आता आमच्यासाटी नका लिवू. माजा पोरगा तळेगावला शाळंत जातोय. त्यो लिवंल. चुकलं तरी चालंल.” आणि आत गेली.

मी तळेगावपर्यंत चालत आले. तहान लागली होती. वाटेत वराळ्याला एका ओळखीच्या घरी पाणी मिळालं असतं, पण थांबले नाही.

घरी आले तेव्हा हे बंगल्याच्या किल्ल्या पुसत बसले होते. मी सांगितलं, वस्तीवर जाऊन आले. यांनी मान वर केली. मी सून काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःला न वाचवता. हे ऐकत होते. शेवटी विचारलं, “तिचा मुलगा कितवीत आहे?”

मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.